5 लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: सीओपीडीच्या पेशंटने कोणता घ्यावा, कसा वापरावा

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत बेड मिळेना, सिलिंडर मिळेना, तेव्हा लोकांनी मिळेल त्या किमतीला कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन) उचलले. 1 मेपासून स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवलेल्या मशीनवरचा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 28 वरून 12 टक्क्यांवर आला आणि जूनमध्ये विक्रेत्यांच्या नफ्यावर 70 टक्क्यांची मर्यादा घातली गेली, पण तोवर बरंच काहीबाही विकून झालं होतं. कोविडमधून उठलेल्या पेशंटला मशीन काही आठवडे पुरलं. सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारात, ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो, त्यांना तो रोज किमान 15 तास, वर्षानुवर्षं घ्यावा लागतो. त्यामुळे त्यांनी मशीन वेगळ्या नजरेने पाहायला हवं.

फिलिप्सचं एव्हरफ्लो नमुना म्हणून घेऊ. वजन सुमारे 14 किलो, वीज 350 वॅट, प्रवाह मिनिटाला अर्धा ते पाच लिटर, शुद्धता 90 ते 96 टक्के. आतला झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिज) हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. पाचव्या लिटरलाही शुद्धता टिकते, हीच चांगल्या मशीनची खूण. शुद्धता 82 च्या खाली गेली की दिवा लागतो तेच मॉडेल घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी. ज्या स्वस्त मशीनवर ‘1 ते 7 लिटर, 93 ते 30 टक्के’ असं छापलेलं असतं, ते अजिबात घेऊ नका. तिथे एका लिटरला 93 टक्के मिळतात, काटा (प्रवाह कमी-जास्त करायचं बटण) सातवर नेला की 30. साध्या हवेतच 21 टक्के ऑक्सिजन असतो.

10 लिटरचं मशीन सीओपीडीसाठी बहुतेक वेळा नको. ते जड, आवाज जास्त, वीज जवळपास दुप्पट. शिवाय मोठा काटा समोर असला की घरचे तो फिरवतात, आणि खरा धोका तिथेच आहे.

साथीत प्रत्येकाच्या डोक्यात ऑक्सिमीटरवरचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांचा, 94 हा आकडा बसला. सीओपीडीच्या पेशंटचं लक्ष्य साधारण 88 ते 92 असतं. 90 दिसलं म्हणून घाबरून काटा दोनवरून चारवर नेला, की ऑक्सिमीटर 97 दाखवतो आणि घरचे निश्चिंत होतात. इकडे फुप्फुसाच्या ज्या भागांत हवा नीट खेळत नाही तिकडेही रक्त वळू लागतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, साचत जातो. ऑक्सिमीटरला तो दिसत नाही. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, ही त्याची लक्षणं. अशा वेळी नळी एकदम काढू नका, ऑक्सिजन झपकन खाली येतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या लिटरवर आणा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

काटा लावायची रीत अशी: मशीन सुरू करून दहा मिनिटं थांबा. फ्लोमीटर (आत गोळी असलेली, प्रवाह दाखवणारी उभी नळी) डोळ्यांच्या पातळीवर आणून बघा, रेघ गोळीच्या मधोमध हवी. डॉक्टरांनी बदल करायला सांगितलाच, तर एका वेळी अर्धा लिटर, मग पाच मिनिटं थांबून ऑक्सिमीटरचा आकडा बघा. बोट गरम हवं, नेलपॉलिश नको. कोविड किंवा फ्लू झाला आणि नेहमीच्या लिटरवर आकडा 88 च्या वर राहीना, तर मशीनशी झटत बसू नका, हॉस्पिटल गाठा. बायपॅपचं (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचं) काम या मशीनला जमत नाही.

काही मशीनना नेब्युलायझरचं (औषधाची वाफ करून देणाऱ्या उपकरणाचं) तोंड असतं. ते बघून मशीन निवडू नका. सीओपीडीत नेब्युलायझर शक्यतो साध्या हवेवर चालवतात, आणि घरात श्वसनाचा संसर्ग असताना पंप (इन्हेलर) आणि स्पेसर (त्याला जोडायची पोकळ नळी) जास्त बरा. तसा बदल डॉक्टरांना विचारून करा.

विजेचा हिशेब आधी करा. 24 तास चाललं तर दिवसाला आठ-साडेआठ युनिट. इन्व्हर्टर प्युअर साइनवेव्हच (घरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा) हवा, 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर तीन-साडेतीन तास निघतात. भारनियमनाच्या गावात जोडीला बी-टाइप सिलिंडर ठेवाच. त्यात 1500 लिटर असतात, दोन लिटरने बारा तास पुरतात.

देखभाल फार नाही, पण चुकवली की महागात पडते. बाहेरचा स्पंजचा फिल्टर आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, खुणेच्या वर नको, रोज बदला. जास्त भरलं की पाणी नळीत चढतं. मशीन भिंतीपासून हातभर लांब ठेवा. चूल, गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्यापासून तीन मीटर तरी अंतर हवं. चुलीच्या धुरानेच सीओपीडी जडलेल्या आजींची खाट स्वयंपाकघराला लागून असते, तिथे हे आधी सोडवा.

2021 मधली कितीतरी मशीनं सोसायट्यांत, मंडळांत, ट्रस्टकडे पडून आहेत आणि डिपॉझिटवर मिळतात. पडून राहिलेल्या मशीनमधला झिओलाइट ओलावा धरतो, कोकणातल्या पावसाळ्यात तर लवकरच. मशीन आवाज करतं, पाण्याच्या ग्लासात नळी धरली की बुडबुडेही येतात, पण बुडबुडे फक्त प्रवाह सांगतात, शुद्धता नाही. मशीन एकूण किती तास चाललंय ते सांगणारा मीटर बघा, मशीन पाच लिटरवर अर्धा तास चालवा आणि ऑक्सिजन अॅनालायझर (शुद्धता मोजायचं यंत्र) लावून आकडा घ्या. सर्व्हिसवाल्याकडे तो असतो. 90 च्या खाली असेल तर फुकट मिळालं तरी नेऊ नका.