कोकणात इलेक्ट्रिक गाडी घेताना: डीलरकडून की थेट कंपनीकडून?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडात इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटली की सगळे आधी रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते ते, विचारतात. रेंजचा हिशेब कागदावर मांडता येतो. गाडी कुणाकडून घ्यायची याचा विचार मात्र कुणी करत नाही. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षांची असते आणि त्या काळात विकणारा आपल्याला दारात ताटकळत ठेवणार की दाद देणार, हे त्या निवडीवरच ठरतं.

टाटा, महिंद्रा, एमजी, ह्युंदाई यांच्या गाड्या डीलरकडूनच मिळतात. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत पहिलं दालन उघडलं. मॉडेल वायची किंमत तेव्हा ५९.८९ लाखांपासून होती आणि विक्री थेट कंपनीची, मध्ये डीलर नाही. व्होल्वोने एक्ससी४० रिचार्जची बुकिंग आपल्याच संकेतस्थळावरून घेतली. मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात मधला मार्ग धरला आहे. दालन जुन्याच डीलरचं, पण गाड्यांचा साठा कंपनीचा आणि बिलही कंपनीचं. म्हणजे पंचवीस लाखांच्या आतल्या कारला आज थेट विक्रीचा पर्याय जवळपास नाहीच. तो आहे महाग कारमध्ये आणि स्कूटरमध्ये. तरीही तुलना सगळ्यांनी वाचावी, कारण थेट विक्रीत जे आपसूक मिळतं ते डीलरकडे मागून घेता येतं.

कोटेशन

थेट विक्रीत संकेतस्थळावर दिसते तीच किंमत, कुडाळच्या माणसाला आणि कुलाब्याच्या माणसालाही. घासाघीस नाही, तसंच महिनाअखेरीची सूटही नाही. डीलरकडे गेल्या वर्षाच्या उत्पादनाची गाडी उरली असेल तर चांगली रक्कम कमी होऊ शकते. मात्र चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना आणि वर्ष पैसे भरण्याआधी लिहून घ्यावं. यार्डात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रिक गाडीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी बहुधा आधीच खराब झालेली असते.

डीलरचं कोटेशन ओळीओळीने वाचावं. एक्स-शोरूम किमतीत ५ टक्के जीएसटी धरलेला असतो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे, आणि नोंदणी शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्येच माफ केलं आहे. त्यामुळे ‘आरटीओ’ या ओळीत स्मार्ट कार्ड, कर्जाचा बोजा असे किरकोळ खर्च सोडून दहा-पंधरा हजार लिहिले असतील, तर त्याचा तपशील मागायचा. किंमत दहा लाखांवर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, लागतो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्र भरताना तो परत किंवा वळता मिळतो. ‘हँडलिंग चार्जेस’ हा कोणताही सरकारी आकार नाही, तो काढायला सांगावा. विमा कोणत्याही कंपनीचा घेता येतो. थर्ड पार्टी तीन वर्षांची आणि स्वतःच्या नुकसानीची एक वर्षाची पॉलिसी, त्याच आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि त्याच पूरक कव्हरसह, बाहेरून मागवून दोन्ही आकडे शेजारी ठेवले की डीलरने किती वर लावलेत ते कळतं. सीट कव्हर आणि मड फ्लॅपच्या ‘किट’शिवाय गाडी मिळणार नाही असं कुणी म्हणालं, तर ते वाक्य ईमेलवर लिहून मागा. बहुतेक वेळा किटचा विषय तिथेच संपतो.

बिल कुणाच्या नावाचं?

दोन पद्धतींतला खरा फरक इथे आहे. डीलर हा कंपनीचा नोकर नसतो. तो गाडी स्वतः विकत घेतो आणि आपल्याला विकतो. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले आणि डीलरने त्याला २००९ ची, आधीच काहीशे किलोमीटर चाललेली गाडी दिली. हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटलं की, डीलरची ही करणी निर्मात्या कंपनीला ठाऊक होती हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून ती जबाबदार नाही. गाडीत मुळातला दोष असेल तर कंपनी बांधील असतेच. पण बुकिंगची रक्कम अडकणं, जुनी गाडी नवी म्हणून देणं, तोंडी शब्द न पाळणं ही सगळी डीलरची बाजू, आणि त्यासाठी डीलरलाच धरावं लागतं. थेट विक्रीत असे दोन धनी नसतात. विकणारा तोच, बनवणारा तोच, हमी देणाराही तोच, आणि हा फायदा मोठा आहे.

आपल्याकडे यात आणखी एक पायरी असते. तालुक्याच्या गावातलं दालन पुष्कळदा उपडीलरचं असतं आणि बिल कोल्हापूर किंवा पनवेलच्या मुख्य डीलरचं निघतं. पाटी एकाची, पावती दुसऱ्याची. त्यामुळे बुकिंगआधी तीन गोष्टी पाहाव्या. पैसे कोणत्या खात्यात जाणार? प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर, म्हणजे विक्रीआधीच्या कच्च्या बिलावर, नाव आणि जीएसटी क्रमांक कुणाचा? आणि नमुना २१, म्हणजे विक्रीचा दाखला, कुणाच्या सहीचा येणार? तिन्ही ठिकाणी एकच नाव असलं पाहिजे. दालनाचं ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या बाळगण्याचा आरटीओचा दाखला, तेही मागून बघायला हरकत नाही. थेट विकणाऱ्या कंपनीच्या दालनालाही ते लागतं.

गाडी बंद पडली तर

थेट विक्रीची ही दुखरी बाजू आहे आणि कोकणात ती जास्त दुखते. कंपनीचं वर्कशॉप मुंबईत असेल तर रत्नागिरीहून सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतर. इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढून न्यायची सोय नाही. चाकं फिरली की मोटरमधले कायम चुंबकही फिरतात, वीज तयार होते आणि इन्व्हर्टर जळू शकतो. म्हणून चारही चाकं उचलणारा फ्लॅटबेडच हवा. रोडसाइड असिस्टन्समध्ये फुकट टोइंग ठरावीक किलोमीटरपर्यंतच असतं, पुढचं भाडं आपल्या खिशातून जातं. तो आकडा करारात शोधावा आणि जवळच्या वर्कशॉपच्या अंतराशी ताडून पाहावा.

बंद पडण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात. मुंबईकराची गाडी गणपतीनंतर गावच्या घरी महिनाभर उभी राहिली की १२ व्होल्टची बॅटरी उतरते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी मग दार उघडत नाही आणि पडदा उजळत नाही. देवरुखला किंवा कणकवलीला डीलरचा माणूस असेल तर तो दुपारपर्यंत बॅटरी जोडून देतो. हेल्पलाइनचा माणूस मुंबईहून निघणार असेल तर दोन दिवस गेले. खारी हवा हे दुसरं कारण. मालवण, हर्णै, गुहागर अशा किनारी गावांत चार्जिंगच्या तोंडाशी आणि गाडीखालच्या कनेक्टरांवर गंज येतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गाडी लिफ्टवर घेऊन तळ बघावा लागतो. त्या कामासाठी मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत.

स्कूटरमधला अनुभव या बाबतीत बोलका आहे. थेट विक्री करणाऱ्या ओला इलेक्ट्रिकला ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस दिली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. त्यातल्या ९९.१ टक्के निकाली काढल्याचं कंपनीने नंतर कळवलं. थेट विक्रीत दुकानं भराभर उघडता येतात, पण वर्कशॉप, सुटे भाग आणि शिकलेली माणसं यांना वेळ लागतो. ही गोष्ट कारलाही लागू आहे.

पण डीलर जवळ आहे म्हणजे दुरुस्ती जवळ आहे असंही समजू नये. तीन गोष्टी विचाराव्या. तुमच्याकडे फक्त विक्री आहे की वर्कशॉपही? हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेले किती जण? बॅटरी पॅक इथे उतरवता येतो की गाडी कोल्हापूरला पाठवता, आणि पाठवलीत तर वाहतुकीचा खर्च कुणाचा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्यावं.

आमचं मत स्पष्ट आहे. घरात ही एकच गाडी असेल आणि घर महाडच्या खाली असेल, तर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत स्वतःचं वर्कशॉप असलेल्या डीलरकडूनच घ्यावी, किंमत थोडी जास्त पडली तरी. लांजा-राजापूरला कोल्हापूर जवळ, सावंतवाडी-वेंगुर्ल्याला गोवा, पण राज्याबाहेर गाडी घेतली तर तात्पुरती नोंदणी करून ती इथे आणावी लागते. पेण-अलिबागच्या बाजूला मुंबई हाकेवर आहे, मांडव्याहून गाडीसकट नेणारी रो-रो बोटही मिळते. तिथे थेट विक्रीची गाडी बेलाशक घ्यावी.

पुराचंही इथेच सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीच्या पाण्यात गाड्या बुडाल्या होत्या. बॅटरीवरचं आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढीच चाचणी असते. रात्रभर गढूळ पाण्यात उभी राहिलेली गाडी त्यात बसत नाही. विम्यात पेट्रोल गाडीचं ‘इंजिन प्रोटेक्ट’ उपयोगाचं नाही, बॅटरी आणि मोटरला पाण्यापासून संरक्षण देणारं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. डीलरच्या विमा काउंटरवर अजूनही सवयीने जुनंच कव्हर जोडलं जातं. पाणी ओसरल्यावर गाडी चालू करून पाहू नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये. बिघाड वाढतो आणि विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं.

घरचा चार्जर

डीलर असो वा कंपनी, ‘चार्जर मोफत बसवून देऊ’ याचा अर्थ ठरावीक मीटर वायरपर्यंत मोफत. आपल्या घरांत मीटर पडवीत आणि गाडी बेड्याजवळ, मध्ये खळं. अंतर सहज चाळीस मीटर. ७.२ किलोवॉटचा चार्जर ३१-३२ अँपिअर ओढतो. एवढ्या अंतराला ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीत सुमारे ८ व्होल्ट कमी होतात, १० चौरस मिलिमीटर घेतली तर ५ च्या आत. गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली असतं, तिथे हा फरक पुरेसा ठरतो आणि चार्जर मध्येच बंद पडतो. आधी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा. रोज चाळीस-पन्नास किलोमीटरच चालवत असाल, तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉट रात्रीत पुरतात.

सगळ्यात जास्त भांडणं अर्थिंगवरून होतात. जांभ्या दगडाच्या जमिनीत ओल टिकत नाही. पावसाळ्यात ठीक चाललेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कमकुवत होतं, चार्जर लाल दिवा दाखवतो आणि मालकाला वाटतं गाडी बिघडली. चार्जिंगसाठी स्वतंत्र खड्डा, खोल इलेक्ट्रोड आणि उन्हाळ्यात त्यात पाणी, एवढं करावंच. मोजमाप ५ ओहमच्या आत असावं. सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, घ्यावी, आणि जून व ऑक्टोबरातल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर. या कामात डीलरचा स्थानिक वायरमन उजवा ठरतो, कारण जांभा त्याच्या हाताखालचा असतो. मुंबईहून नेमलेला कंत्राटदार एकदा येतो, प्रमाण नकाशाप्रमाणे बसवतो आणि जातो. कोणीही बसवला तरी अर्थिंगचं मोजमाप कागदावर घ्यावं, म्हणजे मेमध्ये चार्जर अडला तर दोष गाडीचा की घराचा हे लगेच कळेल.

वागणूक, कर्ज, जुनी गाडी

थेट विक्रीत कुणी मागे लागत नाही. माहिती नेमकी मिळते आणि पेट्रोल गाडी गळ्यात मारायचा प्रयत्न होत नाही. डीलरकडचा विक्रेता चांगला असला तर सोन्यासारखा, पण इलेक्ट्रिकबद्दल पुष्कळदा ग्राहकाएवढंच जाणतो. त्याला एक परीक्षा पुरे: टेस्ट ड्राइव्ह घाटात द्या म्हणावं. आंबा, कुंभार्ली, आंबोली, जवळ असेल तो. चारजण आणि एसी सुरू ठेवून चढताना किती टक्के गेले आणि उतरताना किती परत आले, हे लिहून घ्यावं.

कर्ज जिल्हा सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं असेल तर थेट कंपनीच्या ऑनलाइन यादीत त्यांचं नाव सापडणं कठीण. प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर बँक पैसे सोडेल का, ते बुकिंगआधी विचारावं. जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर डीलर सोयीचा. पण नमुना २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जांवर, सह्या करून गाडी नावावरून उतरेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. तोवर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते.

ताबा आणि तक्रार

गणपतीच्या आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर दालनात रांग लागते आणि डिलिव्हरीपूर्व तपासणी दहा मिनिटांत उरकली जाते. मुहूर्त पूजेसाठी ठेवा, तपासणी दोन दिवस आधी दिवसाच्या उजेडात करा. घरपोच गाडीचंही तसंच: ट्रक वाडीपर्यंत येत नाही, पाखाडीच्या तोंडाशी गाडी उतरते. तिथेच चासी नंबर, किलोमीटर, टायर, काच, चार्जिंग केबल तपासून, फोटो काढूनच पोचपावतीवर सही करावी.

ऑनलाइन विक्रीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्याचे पैसे कापायचे असतील तर कंपनीने स्वतः रद्द केल्यावर तितकाच भुर्दंड तिने सोसला पाहिजे.

डीलरविरुद्ध तक्रार लिहिताना कंपनीलाही पक्षकार करावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच दावा करता येतो, मुंबईला जावं लागत नाही. मात्र भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तरच जिल्हा आयोग. साठ लाखांच्या थेट विक्रीच्या गाडीची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये, २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, दर वेळी दोष आपल्या शब्दांत लिहून घ्यावा. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेलं कार्ड आयोगासमोर काहीच सिद्ध करत नाही.