चौदा महिन्यांनंतर : इन्व्हर्टर चांगला आहे, पण मागचं बटण आधी बघा

कोकणात समुद्रकाठच्या आंजर्ल्याच्या घरासाठी गेल्या वर्षी मे महिन्यात 900 व्हीएचा साइन वेव्ह (लाइनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर आणि 150 एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी घेतली. आधीच्या स्क्वेअर वेव्ह (खडबडीत लहरीच्या) इन्व्हर्टरवर पंखे रात्रभर गुणगुणायचे, आईचा डोळा लागायचा नाही. हा लावला त्या रात्री वीज गेलेली तिला कळलीच नाही. तेवढ्यावर मी वाडीत चार घरी हाच घ्या म्हणून सांगून आलो.

मग पाऊस लागला. जून 2020 मधल्या निसर्ग वादळानंतर आम्ही कितीतरी रात्री कंदिलावर काढल्यात, त्यामुळे बॅटरी जपूनच वापरतो. तीन पंखे, चार दिवे, बस. कागदावर 12 व्होल्ट गुणिले 150 एएच म्हणजे 1800 वॅट-तास, हाती लागतात साधारण 1200. पंखे 75 वॅटचे, दिवे 9 चे, म्हणजे साडेचार तास निघायला हवेत. जुलैत दीड तासात अंधार व्हायला लागला.

सर्व्हिसवाला दोनदा आला. दोन्ही वेळा तपासणीचे पैसे घेतले, ‘बॅटरी गेली, नवी घ्या’ म्हणाला. दोन महिन्यांची बॅटरी! वॉरंटीचं विचारलं तर म्हणे, पाणी घातलं नसेल. दर महिन्याला पाण्याची पातळी मी स्वतः बघतो. ते बोलणं फार लागलं.

शेवटी बोटींचं वायरिंग करणारे शेजारचे काका मल्टिमीटर घेऊन आले. संध्याकाळी साडेसातला सॉकेटवर 230 च्या जागी 168 व्होल्ट! आमची वाडी लाइनीच्या शेवटाला, सगळीकडे दिवे-पंप लागले की व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टरच्या मागे एक बारीक बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल. आमचं यूपीएसवर होतं. त्यात 180 च्या खाली आलं की यंत्र वीज गेली असं धरतं. म्हणजे घरात वीज असताना रोज सात ते दहा आम्ही बॅटरी संपवत होतो, आणि दहाला खरीच गेली की उरलेलं दीड तास!

बटण नॉर्मलवर केलं. आता साधारण 100 व्होल्टपर्यंत तो लाइन सोडत नाही. आठवडाभर पोटभर चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरवर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायची नळी) सहाही सेल 1.240 च्या आसपास, म्हणजे पूर्ण चार्जच्या आकड्यावर आले. ज्या बॅटरीला मी शिव्या घातल्या, ती धडधाकट होती. आज चौदा महिन्यांनीही चार तास भरतात.

नॉर्मलवर पंखे संध्याकाळी मंद फिरतात, आणि वीज जाताना बॅटरीवर यायला यंत्र जरा जास्त वेळ घेतं, त्यात मुलीचा डेस्कटॉप बंद पडतो. त्याला छोटा वेगळा यूपीएस लावला. पाण्याचा पंप मात्र यावर लावू नका. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, आणि सुरू होताना तो त्याच्या कित्येक पट ओढतो. खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. ती साफ करून, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावतो.

आईच्या खोलीत 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावलाय. उरलेले दोन गणपतीच्या आधी बदलतोय, मग हीच बॅटरी रात्रभर पुरेल.