घाटातील वीजवाहिनी आणि शाहीन ससाण्याचे घरटे : एका सर्वेक्षण सेवेचे परीक्षण

सह्याद्रीच्या घाटातून जाणाऱ्या २२० केव्ही (किलोव्होल्ट) उच्चदाब वीजवाहिनीच्या कामासाठी आमच्या कंत्राटदार कंपनीने एका खासगी सल्लागार संस्थेची घरटे-सर्वेक्षण आणि देखरेख सेवा घेतली होती. अशा पारेषण (वीज दूरवर वाहून नेणाऱ्या) वाहिन्यांना २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नसल्यामुळे असे सर्वेक्षण बहुतेक ठिकाणी हौसेचा खर्च समजले जाते. मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते, आणि मार्ग कड्याला लागून असेल तर हा धोका कागदावरचा राहत नाही.

संस्थेच्या पक्षी-अभ्यासकांचे क्षेत्रीय काम उत्तम होते. शाहीन ससाणा हा कड्यांवर राहणारा शिकारी पक्षी काड्यांचे घरटे बांधत नाही. कड्याच्या कपारीत उथळ खळगा करून त्यातच अंडी घालतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला विष्ठेच्या पांढऱ्या ओघळांखेरीज काही दिसत नाही, आणि तसे ओघळ इतर पक्ष्यांचेही असतात. अभ्यासकांनी समोरच्या सोंडेवर दुर्बिणी लावून नर-मादीची ये-जा पाहिल्यावरच जागा निश्चित केली आणि जवळची एक पर्यायी कपारही नकाशावर घेतली.

खरा उपयोग झाला तो वेळापत्रकाचा. घाटात पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतच काम करता येते, आणि शाहीनचा विणीचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल असा नेमका त्याच काळात येतो. अंडी उबवायला महिनाभर आणि पिल्ले उडायला त्यानंतर सुमारे सहा आठवडे लागतात. या काळात माणसांच्या वावरामुळे मादी वारंवार उठली, तर उन्हात तापलेल्या कपारीत अंडी किंवा पिल्ले दगावू शकतात. म्हणून कड्याजवळच्या मनोऱ्यांचे पाये आणि उभारणी आधी उरकून घ्यावी, मधल्या काळात काम पठारावर न्यावे आणि तारा ओढण्याचे काम पिल्ले उडाल्यावर करावे, असा क्रम त्यांनी सुचवला. कपारीच्या वरच्या बाजूची हालचाल खालच्या हालचालीपेक्षा पक्ष्याला अधिक बिचकवते, हे सांगून माथ्यावरचा पोहोचरस्ताही त्यांनी वळवायला लावला. मुकादमांना हे सुरुवातीला पटले नाही, पण यंत्रे रिकामी उभी राहिली नाहीत.

अहवालाबद्दल मात्र तक्रार आहे. त्यातील विजेच्या धक्क्यावरचे लांबलचक प्रकरण ११ केव्हीच्या खांबांना लागू पडणारे होते, जिथे तारा जवळ असल्याने पक्ष्याचे पंख एकाच वेळी दोन तारांना टेकू शकतात. आमच्या वाहिनीत दोन तारांमध्ये काही मीटर अंतर असते आणि शाहीनचा पंखविस्तार सुमारे एक मीटरच भरतो, तेव्हा येथे धोका तारांवर आदळण्याचा आहे. त्याविषयी, म्हणजे पक्ष्यांना तारा दिसाव्यात म्हणून त्यांवर लावायच्या पक्षी-सूचकांविषयी, जेमतेम एक परिच्छेद मिळाला. पिल्लांची छायाचित्रे घेण्यासाठी कपारीसमोर ड्रोन उडवण्याचा त्यांचा प्रस्ताव तर अनाकलनीय होता आणि तो आम्ही नाकारला.

मनोऱ्यांच्या जागा ठरण्यापूर्वी बोलावणार असाल तर ही सेवा घ्यावी. पाये खोदून झाल्यावर तिचे निम्मे मोल उरत नाही. वाहिनी प्रभारित झाल्यानंतरच्या, म्हणजे तिच्यात वीज सोडल्यानंतरच्या, पुढील विणीच्या हंगामातील पाहणी मूळ दरात धरलेली नसते, ती करारात आधीच लिहून घ्यावी.