आर ७५ चं स्टिकर, आर ३८ ची चेन आणि माझे २३,२४० रुपये

केबल चेन आणि केबल, या मालाचे १८,६४० रुपये. 'ई-वे बिल चार्ज' म्हणून उकळलेले १,८५०. त्या मालापायी जळालेल्या ड्रायव्हरचे, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटचे, २,७५०. एकूण २३,२४०. आकडे आधीच लिहितोय, कारण 'ऑनलाइन थोडे पैसे गेले' एवढंच सांगितलं की लोक मान हलवतात आणि विषय बदलतात. घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशीन) बांधणाऱ्याला या रकमेत स्पिंडल (टूल फिरवणारी मुख्य मोटर) येतो.

बाकीचं मशीन बांधून झालं होतं. वायरिंग तात्पुरतं लोंबकळत होतं, म्हणून केबल चेन, म्हणजे हलत्या भागाबरोबर केबल सांभाळून नेणारी कड्यांची साखळी, घ्यायची ठरवली. ट्रॅव्हल, म्हणजे सरकण्याचं अंतर, वाय अक्षावर ९०० मिमी, एक्सवर ६००. हिशोब चोख केला होता. स्थिर टोक ट्रॅव्हलच्या मधोमध ठेवलं की चेनची लांबी म्हणजे ट्रॅव्हलचा निम्मा भाग, अधिक ३.१४ गुणिले बेंड रेडियस (चेनच्या वळणाची त्रिज्या), आणि वर दोनेक कड्या जादा. स्पिंडलची शिल्डवाली (विद्युत गोंधळ अडवणाऱ्या आवरणाची) चार कोअरची १.५ चौरस मिमी केबल साधारण १० मिमी जाडीची असते. सतत वाकणाऱ्या केबलला जाडीच्या साडेसातपट तरी रेडियस लागतो, म्हणून आर ७५, म्हणजे ७५ मिमी रेडियसची चेन. आतली जागा २५ बाय ५७, वरून झाकण उघडणारी, नायलॉनची. सोबत स्पिंडलची केबल १० मीटर आणि मोटर आणि लिमिट स्विचसाठी (टोकाला मशीन थांबवणारे स्विच) बारीक केबल २० मीटर, दोन्ही 'हाय फ्लेक्स', म्हणजे सतत वाकणं सोसणाऱ्या. हे सगळं मी विकणाऱ्याला लिहून पाठवलं होतं. त्यामुळे 'तुला काय हवं तेच नीट सांगितलं नसशील' असं मला कोणी सांगू नये.

जाहिरात एका मोठ्या लिस्टिंग साइटवर होती. पुढचं बोलणं मेसेजवर गेलं, अर्धे पैसे आगाऊ, पॅकिंगचा फोटो, मग उरलेले अर्धे. हा प्रकार वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे, त्यावर शब्द घालवत नाही.

मला अजून झोपू देत नाही तो ऑर्डरच्या आधीचा फोन. त्याने पिन कोड विचारला. किती मीटर हवं ते विचारलं. बिल कोणाच्या नावाने करू, तेही विचारलं. ट्रॅव्हल किती, चेन लोळत जाणार की उभी लोंबणार, आत कोणत्या जाडीच्या किती केबल जाणार, यातलं एक अक्षर विचारलं नाही. चेन विकणाऱ्या खऱ्या माणसाचे हे पहिले प्रश्न असतात. चेनचा निम्म्याहून जास्त भाग भरला तर केबल एकमेकींवर चढतात आणि पिळल्या जातात, म्हणून तो स्वतःहून विचारतो. हा नुसता 'हो सर, होऊन जाईल सर' करत राहिला. मी मात्र समजलो की सगळं लिहून दिलंय, म्हणून विचारत नसेल. तुम्हीही तेच समजला असता. चालत्या मशीनचा व्हिडिओ त्याने पाठवला होता, आवाज सफाईदार होता, भाव बाजारापेक्षा फार खाली नव्हता. फसवणारा नेहमी निम्म्या भावात देतो असं आपल्याला शिकवलेलं असतं. याने रास्त भाव लावला होता.

पूर्ण पैसे मिळाल्यावर ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीच्या सरकारी दाखल्याचा, फोन आला. १,८५० भरा, डिलिव्हरीनंतर परत मिळतील, नाहीतर गाडी नाक्यावर अडेल. नीट वाचा. ई-वे बिल साधारणपणे ५०,००० रुपयांवरच्या मालाला लागतं आणि ते पोर्टलवर काढायला सरकार एक पैसा घेत नाही. माझा माल १८,६४० चा. पण माझा धंदा वाहतुकीचा नाही, हा नियम मी कशाला पाठ केलेला असेल? आधीच १८,६४० अडकलेल्या माणसाला आणखी १,८५० साठी कसं ताणायचं, हे त्या हरामखोराला बरोबर कळत होतं.

पार्सल आलं. चेनवर 'आर ७५' असं पांढरं स्टिकर. ब्रॅकेट लावायला घेतले तर चेनचा वेढा जागेवर बसेना. आर ७५ ची चेन पूर्ण वळवली की वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्यरेषांत १५० मिमी अंतर पडायला हवं. व्हर्नियर लावला. ७६. म्हणजे आर ३८. स्टिकर नखाने सोलून काढलं, तर खाली प्लास्टिकमध्येच ३८ कोरलेलं.

लगेच फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, नवीन चेन कडक असते, चालवल्यावर मोकळी होते. आठवडाभर चालवून बघा, नाही जमलं तर बदलून देतो." बेंड रेडियस चालवून वाढत नाही. कडीतला थांबा जिथे असतो तिथेच ती थांबते, आणि हे मला माहीत होतं. पण एका ओळखीच्या माणसाचं काम अंगावर होतं, मशीन बंद ठेवणं शक्य नव्हतं, आणि बदलून देतो असं लेखी मेसेजमध्ये आलं होतं. म्हणून ब्रॅकेट खाली घेऊन चेन बसवली. डाव काय होता ते नंतर कळलं. माल एकदा मशीनवर चढला की 'वापरलेला माल परत घेत नाही'. चुकीचा माल आला तर तो बसवू नका. एक कडीही उघडू नका. फोटो, मापं, लेखी तक्रार, एवढंच करा आणि काम खोळंबू द्या.

आधी लिमिट स्विचचे खोटे अलार्म यायला लागले. व्हीएफडी (स्पिंडलचा वेग सांभाळणारं युनिट) सुरू केला की मशीन मधेच थांबायचं. स्पिंडलच्या केबलला विणलेली तांब्याची जाळी हवी होती, आत निघाला नुसता कागदासारखा पातळ फॉइल, तोही दोन ठिकाणी फाटलेला. मग झेड मोटर, म्हणजे टूल वर-खाली करणारी, स्टेप सोडायला, म्हणजे सांगितलं तेवढं न हलायला लागली. झेडची केबल दोन्ही चेनमधून जाते, म्हणून मार तिलाच सगळ्यात जास्त. एका कामात टूल खाली घुसलं, लाकूड फाडलं आणि त्याच वेळी ड्रायव्हर गेला. चालू स्टेपर मोटरच्या कॉइलची वायर मधेच तुटली की ड्रायव्हर उडू शकतो, हे या छंदातल्या सगळ्यांना माहीत आहे.

केबल बाहेर काढून सोलली. ब्लेडने एक तार खरवडली. वरून तांबडी, आतून पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. हाय फ्लेक्सच्या १.५ चौरस मिमी वायरमध्ये, म्हणजे सगळ्यात बारीक तारांच्या क्लास ६ मध्ये, एकेक तार ०.१६ मिमीपेक्षा जाड नसते. या तारा मायक्रोमीटरवर ०.२५ भरल्या. केबल घेताना वीतभर तुकडा आधी मागवा आणि खरवडून बघा. तुकडा द्यायला जो का-कू करेल त्याच्याकडून घेऊ नका.

आणि ते बिल! ते हाती आलं पार्सलसोबत, आधी फक्त कोटेशन होतं, त्यावर जीएसटी नंबर नव्हता. बिलावरचा नंबर २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. माल महाराष्ट्रात आला आणि कर लावलाय सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के. दुसऱ्या राज्यातून माल आला तर आयजीएसटी १८ लागतो. पोर्टलवर नंबर टाकला तर नाव दुसऱ्याच पेढीचं. पैसे गेले होते ते तिसऱ्याच माणसाच्या खात्यात. पैसे पाठवण्याआधी जीएसटी नंबर मागा, पोर्टलवर टाका, आणि यूपीआयवर दिसणारं नाव त्याच्याशी जुळतं का बघा.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं ते असं: "माल तर आलाय ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे, वकील बघा." मी व्हर्नियर लावून चेन दाखवली. स्टिकरखालचा ३८ दाखवला. टेबलामागच्या माणसाने चेन हातात घेतली, वाकवली, पोराच्या खेळण्यासारखी दोनदा फिरवली आणि विचारलं, "हे नेमकं कशाला लागतं?" खोटं स्टिकर, दुसऱ्याचा जीएसटी नंबर, अस्तित्वात नसलेली फी, एवढं पुढ्यात ठेवूनही दिवाणी? जुन्या ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, ते अशाच लबाडीसाठी. मग म्हणे, विक्रेता जिथला असेल तिथे जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. हे मी त्यांना सांगायचं? पगार कोण घेतं? शेवटी शिक्का मारून एक साधा अर्ज घेतला. त्यावर आजपर्यंत काहीही झालेलं नाही.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुम्हीच मंजूर केला. लिस्टिंग साइट म्हणाली, सौदा आमच्या बाहेर झाला. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच आली, मशीनने लिहिलेली. पुढे शांतता. त्या माणसाची जाहिरात मात्र दुसऱ्या नावाने पुन्हा झळकतेय, फोटो तेच! मी ती रिपोर्ट केली तर 'नियमांचं उल्लंघन आढळलं नाही'. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दुकान चालू आहे आणि अर्जांच्या प्रती जपत बसायचं मी.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. समोरच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत तक्रार नोंदली गेली तरच ती गोठवता येते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, त्यात व्हर्नियर ठेवा. मेसेज पुसू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकिलाची सक्ती नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांच्याकडे २४ ने सुरू होणारा नंबर आणि सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं असं चेनचं बिल असेल, त्यांनी चेनवरचं स्टिकर आज सोलून बघा आणि खाली दुसरा आकडा निघाला तर फोटो मला पाठवा. मला ते अर्जाला जोडायचे आहेत.