आयडल आरपीएम वाढलाय म्हणून ईसीएम, थ्रॉटल बॉडी बदलायला सांगतायत? आधी पाईप बघा

मुंबई-गोवा हायवेवर जुनी पेट्रोल गाडी घेऊन जाणाऱ्यांनी हे वाचाच. आमची २००५ ची एस्टीम, बाबा एकटेच रत्नागिरीहून कुडाळला चालले होते, वाटेत आयडल आरपीएम, म्हणजे एक्सलरेटर न दाबता इंजिन मिनिटाला जेवढे फेरे घेतं तो आकडा, चढला. गरम इंजिनला ८०० ते ९०० असायला हवा तो १८०० च्या खाली येईना, म्हणून राजापूर सोडल्यावर दिसलेल्या एका गॅरेजात थांबले. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं आणि हात लावायच्या आधीच, "काका, थ्रॉटल बॉडी गेली, अशीच चालवलीत तर ईसीएम पण उडेल, मग पन्नास हजारांना बसाल." थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, आणि ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. सत्तरीचा माणूस, बाहेर धो धो पाऊस, काय करणार. साडेअठरा हजार घेतले. जुना पार्ट मागितला तर म्हणे भंगारात गेला. बिल कच्चं, त्यावर जीएसटी नंबर नाही.

घरी आल्यावर नवीनच तमाशा, एसी लावून क्लच दाबला की गाडी बंद. उतारावर असं झालं तर ब्रेक दाबायला जोर देणारा बूस्टर जातो आणि एक-दोनदा दाबलं की पेडल दगडासारखं होतं, म्हणजे नुसते पैसे नाही, जिवाशी खेळ होता हा.

कुडाळातल्या ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून एकेक व्हॅक्यूम पाईप, म्हणजे इंजिनच्या ओढीवर चालणारा रबरी पाईप, पकडीने दाबत नेला. पीसीव्हीचा पाईप (इंजिनच्या आतले वायू परत जाळायला नेणारा) दाबला आणि इंजिनचा आवाजच बदलला, आरपीएम धाडकन खाली. पाईप काढून वाकवला तर कोपऱ्यात आतल्या बाजूने ही एवढी चीर, वरून बघून कळणारच नाही. "अण्णानू, ह्यो पाईप फाटलो हा, बाकी काय्येक नाय."

होतं असं की चिरेतून थ्रॉटलला वळसा घालून जादा हवा आत जाते, ईसीएम त्या हिशोबाने पेट्रोल वाढवतो, आरपीएम चढतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांचं रबर कडक होऊन तडकतं, आणि पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरतात ते वेगळंच.

मग त्या हायवेवाल्याने साडेअठरा हजारांत केलं काय? थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवला, म्हणजे आतली हवेची प्लेट कितपत बंद होईल ते ठरवणारा स्क्रू. त्या स्क्रूवर कंपनीचा रंग असतो, आमच्यावरचा रंग तुटलेला आणि नटाखालचे आटे ताजे चकचकीत. प्लेट जास्त बंद केली की आरपीएम तात्पुरता उतरतो, गळती तशीच, म्हणूनच एसीचा भार आला की गाडी बंद पडत होती. आणि "नवीन" थ्रॉटल बॉडी? मागे साफ करून घेतली तेव्हाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, ओतीव भागावरचा ओरखडा जसाच्या तसा, त्याच जागी. आमचीच बॉडी धुवून परत बसवली आणि नवीन म्हणून पैसे लावले. म्हाताऱ्या माणसाला असं लुटतात, संताप येतो नुसता.

तुमच्या गाडीचं असं झालं तर काही पार्ट बदलायच्या आधी एवढं बघून घ्या. थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ आरपीएम १२०० च्या वर असतो, ते नॉर्मल आहे, गरम झाल्यावरही उतरला नाही तरच दुखणं. एक्सलरेटरच्या केबलला जराशी ढील हवी, मॅट पेडलवर चढलेली नको. मग पाईप, ब्रेक बूस्टरचा सुद्धा. पाईप चांगले निघाले तर आयडल व्हॉल्व (आयडलला हवा कमी-जास्त करणारा) आणि थ्रॉटल बॉडी कार्बन क्लीनरने साफ करून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. कूलंट टेंपरेचर सेन्सर बिघडला की ईसीएमला इंजिन थंडच वाटत राहतं, तो पण तपासायला सांगा. ईसीएमचं नाव एवढं सगळं झाल्यावर. आणि पार्ट बदलायचाच असेल तर जुना डिकीत टाकून घ्या, पैसे त्यानंतर.

पाईप बदलायला मजुरीसकट चारशे रुपये लागले, स्क्रू परत जागेवर आणला, आता एसी लावूनही गाडी ८५० ला शांत उभी राहते. साडेअठरा हजारांसाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार केलीये, बिल कच्चं असलं तरी बाबांनी यूपीआयने पैसे दिलेत, ती पावती आणि थ्रॉटल बॉडीचे आधीचा-आत्ताचा असे दोन्ही फोटो जोडलेत.