चादर मागायला आलेल्याला फायर हायड्रंट शोधायला लावणारा कॅप्चा: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात फायर हायड्रंट कुणी पाहिलाय? रस्त्याच्या कडेला उभा असलेला बुटका लोखंडी खांब. आग लागली की बंबवाले त्याला नळी जोडतात. अमेरिकेत गल्लोगल्ली असतो म्हणे, आमच्या अशोक चौकात तरी नाही. पण आमच्या साइटवर घाऊक चादरींची चौकशी करायची तर गिऱ्हाइकाने आधी नऊ चित्रांतून हा खांब शोधायचा, मगच त्याचा फॉर्म आमच्याकडे येणार. ही सोय मी पैसे भरून घेतली आहे. समोर माणूस आहे की बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम, हे ओळखायच्या अशा कोड्याला कॅप्चा म्हणतात. कंपनीचं नाव घालत नाही, चित्रवाले कॅप्चा थोड्याफार फरकाने सगळे सारखेच.

कॅप्चा लावण्याआधी रोज सकाळी मेल उघडला की कॅसिनो, कर्ज, ताकदीची औषधं आणि रशियन लिपीतलं काहीबाही. गंमत म्हणजे आमच्या फॉर्ममधला मजकूर कुठे छापलाच जात नाही, तो फक्त मला मेलने येतो. मग त्यात लिंका घालून कुणाचं भलं होतं? कुणाचंच नाही. बॉट फॉर्म दिसला की भरतो, पुढे त्याचं काय होतं ते बघत नाही. लिंका पेरून शोधयंत्रात वर चढायचा धंदा बंद व्हावा म्हणून गूगल, याहू आणि एमएसएन यांनी जानेवारी 2005 मध्येच 'नोफॉलो' आणलं होतं, म्हणजे ही लिंक क्रमवारीत धरू नका असं शोधयंत्राला सांगणारी खूण. त्याने बॉटवाल्यांना काडीचा फरक पडला नाही, कारण आणखी हजार फॉर्म भरायला त्यांना खर्चच येत नाही.

कॅप्चा लावला आणि दुसऱ्या दिवसापासून मेल स्वच्छ. तेव्हा लिहायला बसलो असतो तर डोळे झाकून पाच तारे दिले असते.

मग कलबुर्गीहून एका जुन्या व्यापाऱ्यांचा फोन आला. लग्नसराईआधी दरवर्षी आमच्याकडून माल उचलतात, वय सत्तरीच्या पुढे. "काय मालक, चादर मागायला परीक्षा घेता का ओ? तीनदा नापास झालो." नातवाने मोबाइलवर फॉर्म उघडून दिला होता. आधी झेब्रा क्रॉसिंग, मग मोटारसायकल, मग जिने, आणि प्रत्येक वेळी 'पुन्हा प्रयत्न करा'. त्यांनी निदान फोन केला. ज्यांनी केला नाही ते दुसऱ्या दुकानात गेले असणार, आणि ते कधी कळायचंही नाही. स्पॅम डोळ्यांना दिसतो, न आलेली ऑर्डर दिसत नाही. माझा खरा राग इथे आहे.

भाषा मराठी करून बघितली. सूचना मराठीत आली, चित्रं अमेरिकेतलीच राहिली. पिवळी स्कूलबस, तारेला लोंबणारा सिग्नल, आणि एकदा चक्क चिमणी! कौलारू घरावरचा विटांचा चौकोनी ठोकळा दाखवून म्हणे ही चिमणी. अहो, जुन्या गिरणीचं गाव आहे हे. 2023 च्या जूनमध्ये विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा अख्खं शहर त्याच विषयावर बोलत होतं. सोलापूरकराला चिमणी ओळखायला शिकवू नका.

इतक्या फेऱ्या का, याचं कारण शोधल्यावर समजलं. मोबाइल कंपन्या असंख्य गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच घर क्रमांकामागे, बसवतात. त्यातल्या एखाद्या फोनने उपद्व्याप केला की तो पत्ताच संशयित ठरतो, आणि मग त्यामागच्या सगळ्यांना जास्त चित्रं. आमची बहुतेक गिऱ्हाइकं मोबाइलवरूनच येतात.

इथवर वैताग होता, पण स्पॅम बंद आहे म्हणून गप्प होतो. जानेवारीत, आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, कॅसिनोवाले परतले. कॅप्चा जागेवर, तरी मेल चालू. कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं की रेडिमेड उत्तर: महागडा प्लॅन घ्या. तो न घेता ओळखीतल्या एका मुलाला कोड दाखवला. त्याने सांगितलं की कॅप्चा नुसता पानावर दिसतोय. कोडं सुटल्यावर मिळणारं टोकन, म्हणजे सोडवल्याची पावती, सर्व्हरवर कुणी तपासतच नाही. पान न उघडता थेट फॉर्मच्या पत्त्यावर मजकूर पाठवला की काम झालं. म्हणजे म्हातारा माणूस चित्रं शोधत बसलाय आणि बॉट मागच्या दाराने आत. साइट बनवणाऱ्याने तपासणीचा भागच लिहिला नव्हता. तेव्हा या गळतीचा दोष कॅप्चाच्या माथी मारत नाही, एक तारा परत. महागडा प्लॅन सुचवला त्याचा अर्धा कापला.

तपासणी जोडल्यावर स्पॅम पुन्हा थांबला, पण सगळा नाही. कॅप्चा सोडवून देणारी माणसं भाड्याने मिळतात, दर हजारी एखाद-दुसरा डॉलर. शिवाय अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 साली पडताळून पाहिलं, तर बॉट कॅप्चा माणसांपेक्षा लवकर आणि जास्त अचूक सोडवतात असं निघालं. म्हणजे माझे पैसे नक्की कुणाला अडवायला चाललेत?

त्याच मुलाने मग हनीपॉट लावला, फुकट. फॉर्ममध्ये एक जादा रकाना, सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने, लपवलेला. माणसाला दिसत नाही म्हणून रिकामा राहतो. साधा बॉट दिसेल तो रकाना भरतो आणि अडकतो. जोडीला वेळेची अट: पान उघडल्यापासून तीन सेकंदांच्या आत आलेला फॉर्म बाजूला. साइझ, रंग, नग तीन सेकंदांत कोण भरतो? यानंतर कॅप्चा बंद केला तरी मेल जवळपास तितकाच स्वच्छ राहिला. खरा ब्राउझर चालवणारे हुशार बॉट यातून सुटतात, पण आमच्यासारख्या दुकानाच्या वाटेला ते क्वचितच येतात. बँकेने माझं ऐकू नये.

लावणार असाल तर दोन गोष्टी बघा. लपवलेल्या रकान्याला 'ईमेल' किंवा 'पत्ता' असं नाव दिलं तर ब्राउझर आपणहून तो भरून टाकतो आणि खरं गिऱ्हाइक बॉट ठरतं. आणि अडकलेले फॉर्म पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. माझ्या फोल्डरमध्ये लातूरच्या एका लॉजची टॉवेलची ऑर्डर सापडली होती. ऑटोफिलचाच प्रताप. डोळ्यांनी अधू असलेल्यांचा स्क्रीन रीडर लपलेला रकाना वाचू शकतो, म्हणून तिथे 'हा रकाना रिकामा ठेवा' एवढं लिहून ठेवलंय.

कॅप्चाला अडीच तारे. मार्चला मुदत संपतेय, पुढचे पैसे भरणार नाही.

राहिले 'तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणतो'वाले. ते हाताने टाइप करतात, त्यांना ना चित्रं अडवतात ना हनीपॉट. नगाच्या रकान्यात 1 टाकायचे, म्हणून मी किमान 50 केलं. आता 50 टाकतात. परवापासून त्यांना पन्नास चादरींचं कोटेशन पाठवायला लागलोय, जीएसटीसकट.