होमगार्ड की आपदा मित्र? नदीकाठच्या पोरांसाठी

मे महिना आला की पंचगंगेकाठच्या आमच्या गावात कुणी ना कुणी विचारतंच, ‘पुरात कामाला यायचंय, नाव कुठं घालू?’ होमगार्ड आणि आपदा मित्र (आपत्तीत मदतीला धावणारे प्रशिक्षित स्वयंसेवक), या दोन्हींत मी काम केलंय, म्हणून लिहितो.

होमगार्डची ताकद खाकीत आहे. पुलावर पाणी चढलेलं असताना गाडी दामटणारा माणूस शेजाऱ्याचं ऐकत नाही, वर्दी बघून थांबतो. 1946 साली मुंबईत ही संघटना उभी राहिली ती पोलिसांच्या मदतीला, त्यामुळं बंदोबस्त हाच तिचा पिंड. गणपती, निवडणुका, यात्रा असं काम निघत राहतं, ड्युटीचा भत्ता मिळतो, कवायतीनं अंगाला शिस्त लागते. तीन वर्षं काढली की पोलीस भरतीत राखीव जागांचाही लाभ आहे. भरतीची तयारी करणाऱ्याला मी दुसरं काही सुचवणार नाही.

माझं अडलं एकाच गोष्टीवर. ड्युटी कुठं लागेल हे आपल्या हातात नसतं. शिस्तीच्या दलात ते तसंच असायला हवं. पण कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडं सरकतंय, आणि आपण लांबच्या फाट्यावर वाहनं वळवत उभे. घरून फोन येतो, पाणी गल्लीच्या तोंडाला आलं म्हणून. अंथरुणाला खिळलेल्या आजींना कुठल्या दारानं काढायचं, कुणाच्या गोठ्यात किती जनावरं बांधलीत, कुठली विहीर पाण्याखाली दिसेनाशी होते, हे सगळं आपल्याला ठाऊक, आणि नेमके आपणच तिथं नाही. ती तगमग मला सोसेना.

आपदा मित्र आपल्याच गावात उपयोगी पडतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही योजना 2016 मध्ये 30 पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, पुढं 350 जिल्ह्यांपर्यंत वाढली. प्रशिक्षण 12 दिवसांचं, वयाची अट 18 ते 40. पगारपाण्याची आशा ठेवू नका, किट आणि विमा मिळतो. शिकवतात ते मात्र हाताला लागतं. दोर बुडणाऱ्याच्या अंगावर फेकायचा नाही, डोक्यावरून पलीकडं टाकायचा, म्हणजे ओढताना त्याच्या हाताशी येतो. लाइफ जॅकेटचे पट्टे ढिले राहिले तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली जातो. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट उलटली, तेव्हापासून पट्टा ओढून बघितल्याशिवाय मी कुणाला बोटीत पाय ठेवू देत नाही.

उणीवही सांगतो. प्रशिक्षण संपलं की सराव आपला आपणच टिकवावा लागतो, नाहीतर पहिल्या पावसापर्यंत गाठीसुद्धा विसरतात. चार-पाच जणांचा गट जमत असेल तरच यात पडा, असं माझं मत.

तुमची गरज वेगळी असू शकते, पण घर पूररेषेत असेल तर मी आपदा मित्रच म्हणेन. पुढची तुकडी कधी, ते जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा. चाळिशी उलटली असेल, तर होमगार्डची वयोमर्यादा 50 पर्यंत आहे.